गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी काय काय होतं, ते पेशंटला आधी सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात गुडघे बदलायच्या जाहिराती बऱ्याच येतात, हसरी आजी, बाजूला पॅकेज, खाली फोन नंबर, आणि आरोग्य पुरवणीत डॉक्टरांचे लेख पण येतात, ते मी वाचते, चांगले असतात, ऑपरेशन कोणाला लागतं कोणाला नाही हे त्यात असतं. पण ज्या दिवशी पेशंटला आत नेतात त्या एका दिवसात त्याच्यासोबत नेमकं काय होतं हे कुठेच येत नाही. मी नागपुरात ओटी सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर होते, हाडांच्या ऑपरेशनला बरीच वर्षं उभी राहिले, आता रिटायर आहे. कॉलनीत कोणाचं ऑपरेशन ठरलं की लोक माझ्याकडे येतात आणि प्रश्न सगळ्यांचे तेच, मी जागी राहीन का, आवाज येतो का, मंगळसूत्र काढावं लागतं का, रात्री लघवीला कसं जायचं. डॉक्टरांना का नाही विचारलं म्हटलं तर म्हणतात, ताई तिथे एवढी गर्दी, नंबर लागला, एक्सरे उजेडाला धरून पाहिला, म्हणाले करून टाकू, तारीख मिळाली आणि आम्ही बाहेर. डॉक्टरांना मी दोष देत नाही, धंतोली रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलांत काय किंवा मेडिकल मेयो या सरकारी हॉस्पिटलांत काय, अर्धा विदर्भ आणि वरून मध्य प्रदेशातल्या बालाघाट छिंदवाड्याचे लोक इथेच येतात, त्यांना वेळ कुठून मिळणार. पण सांगायला पाहिजे हे तर खरं ना, म्हणून मी जे जवळून पाहिलं ते लिहून राहिले, जागा असेल तर छापा.

सगळ्यात आधी उपाशी राहायचं. ॲडमिशन आदल्या दिवशी असो की त्याच दिवशी पहाटे, फाईलवर एनबीएम लिहिलेलं असतं म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही, आणि याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त केस कॅन्सल होताना मी पाहिल्या. पेशंट स्वतः काही खात नाही हो, घरचे देतात. सकाळी सहाला सून थर्मास घेऊन येते, आईंना चहाशिवाय डोकं दुखतं, दोन घोटांनी काय होते म्हणते. होतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं, आणि दुधाचा चहा हा पोटाच्या हिशोबाने जेवणातच मोजतात, त्याला पण सहा तास रिकामे पाहिजेत. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं असं भूलतज्ज्ञांचे नियम सांगतात. आता होतं काय की बरीच हॉस्पिटलं सरसकट रात्री बारापासून सगळं बंद सांगतात आणि ज्या आजीचा नंबर दुपारी दोनला आहे ती पण मे महिन्यात रात्रीपासून कोरडी पडून राहते, त्यात शुगर असेल तर अजून त्रास. म्हणून सकाळी ड्युटीवरच्या सिस्टरला सरळ विचारायचं, आमचा नंबर कितवा आहे आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल. स्वतःच्या मनाने नाही प्यायचं, पण विचारायचं जरूर.

गोळ्यांचं पण तसंच आहे. बीपीची कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि कोणती नाही, शुगरची त्या दिवशी बंद, काही नवीन शुगरच्या गोळ्या तर तीन दिवस आधीच बंद कराव्या लागतात, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं तर डॉक्टर सांगतील तसंच, हे सगळं आधीच्या तपासणीत ठरवून कागदावर लिहून घ्यायचं. भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच त्यांच्यासमोर ओता. आणि एक गोष्ट लोक लपवतात ती सांगते, गावाकडून आणलेल्या गुडघेदुखीच्या पुड्या. आठवडी बाजारात मिळतात, कोणी वैदूकडून आणतात, आणि खाल्ल्यावर चांगलंच बरं वाटतं कारण अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. वर्ष वर्ष ते खाल्लं असेल तर शरीर ऑपरेशनचा ताण सहन करायला कमी पडतं, जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शन लवकर होतं. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत लोक. रागावू द्या, पण सांगा.

सकाळी आंघोळ घालतात, जंतू मारायचं औषध टाकून, बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्री पण. पायावरचे केस घरी ब्लेडने काढून येऊ नका, बरेच जण हॉस्पिटलवाल्यांना मदत म्हणून करून येतात आणि मग त्या बारीक बारीक कापांमधून इन्फेक्शनचा धोका वाढतो, लागलंच तर तिथे मशीनने काढतात. पायाला फोड, नखात पू, टाचेच्या भेगेतून पाणी येणं, दात दुखणं, लघवीला जळजळ, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी सकाळी पण बोला. ऑपरेशन पुढे ढकलतील, सुट्ट्या टाकून आलेल्या मुलांना राग येईल, पण शरीरातले जंतू त्या नवीन सांध्यापर्यंत गेले तर पुढे जे निस्तरावं लागतं ते मी पाहिलंय, सांधा परत उघडून धुवावा लागतो, कधी तर काढून टाकावा लागतो.

दागिन्यांचं मला सविस्तर लिहायचंय कारण यावरून बाया खरंच रडतात आणि आपण त्यांना नीट सांगत नाही, नुसतं काढा म्हणतो. काटोलकडची एक आजी होती, शेतात राबलेली, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, मनगटावर इतक्या घट्ट की साबण लावून पण निघेनात, आणि ती म्हणे मालक जिवंत असताना मी हात रिकामे करणार नाही, ऑपरेशन नाही झालं तरी चालेल. वॉर्डातली नवीन पोरगी तिच्यावर ओरडायला लागली. मी आजीजवळ बसले आणि समजावून सांगितलं, आत रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे चटका बसू शकतो, आणि काच फुटली तर तुम्हाला समजणार पण नाही कारण तुम्ही गुंगीत असाल, शिवाय हाताला सलाईन लागतं, हात सुजला तर बांगडी रुतते. मग तिने विचारलं, परत कधी घालता येतील. तेवढंच विचारायचं होतं तिला. म्हटलं सूज नसली तर उद्या सकाळी. तिने नवऱ्यालाच बोलावलं, त्याने एकेक बांगडी काढली आणि स्वतःच्या उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवल्या. मंगळसूत्र, जोडवी, नथ, चमकी, कमरेचा करगोटा, गंडा दोरा सगळं काढावं लागतं, तर घरीच काढून या म्हणजे आयत्या वेळी घाई नाही होत आणि हरवायची भीती नाही. नेलपेंट पण काढा, बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन मोजतात. कवळी डबीत, डबीवर नाव लिहून. हलणारा दात असेल तर भूलवाल्यांना दाखवा. ऐकायचं मशीन मात्र आत जाईपर्यंत राहू द्या म्हणून सांगा, नाहीतर बिचाऱ्या माणसाला कोण काय विचारून राहिलं तेच समजत नाही आणि तो सगळ्याला हो म्हणतो.

त्यानंतर डॉक्टर येऊन ज्या पायाचं ऑपरेशन आहे त्यावर पेनाने खूण करतात. ती पुसू नका, आणि खूण करताना स्वतः मोठ्याने बोला, माझा उजवा की डावा ते. मग वॉर्डात एकदा, ओटीच्या दारात एकदा, आत टेबलावर परत एकदा नाव काय, कोणता पाय, कशाचं ऑपरेशन, कशाची ॲलर्जी आहे का हे विचारतात. नातेवाईक चिडतात, यांना काही माहीतच नाही म्हणतात, फाईल वाचत नाहीत का म्हणतात. तसं नाही आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या सुरक्षिततेची यादीच काढली आहे, भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी आणि पेशंट बाहेर जायच्या आधी थांबून सगळं बोलून तपासायचं अशी. ज्या हॉस्पिटलमध्ये परत परत विचारतात ते चांगलं हॉस्पिटल समजा, आणि जिथे कोणीच काही विचारत नाही तिथे तुम्ही स्वतःहून सांगा.

ऑपरेशनला संमती देतो त्या सहीच्या कागदाबद्दल, तो आदल्या दिवशी मागून घरी वाचा, स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाची सही घ्यायची नसते. सांधा कोणता बसवणार, कोणत्या कंपनीचा, किती पैशांचा, हे त्याआधीच ठरलं पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किंमती ठरवून दिल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियम धातूच्या पूर्ण गुडघ्याची ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी अशी होती, पुढे आकडे बदलत गेले, पण बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा हे त्यात आलंच. सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर आम्ही फाईलला चिकटवतो, त्याची कॉपी मागून घ्या, उद्या काही प्रॉब्लेम आला आणि डॉक्टर बदलले तर तोच कागद लागतो. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात त्या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, तारीख घ्यायच्या आधी भेटा, मंजुरी आधी लागते.

आता ओटी. आत खूप थंड असतं, पेशंट पातळ गाऊनवर आणि सगळ्यांचे चेहरे मास्कमध्ये, त्यामुळे म्हातारी माणसं घाबरतातच. थंडी वाजते म्हटलं की पांघरूण मिळतं, मागा. बहुतेक वेळा भूल कमरेतून देतात. बसवतात, मांडीवर उशी, हनुवटी छातीला लावायची, खांदे ढिले सोडायचे आणि पाठ गोल करायची, जितकी गोल होईल तितकं काम लवकर होतं. आधी छोटी सुई टोचते, मग नुसतं दाबल्यासारखं वाटतं. कधी पायात एकदम करंट गेल्यासारखं होतं, तेव्हा हलू नका, तोंडाने सांगा. मग पाय गरम होतात, जड होतात आणि मग आपले वाटतच नाहीत. कमरेत इंजेक्शन दिलं की कंबर जन्मभराची जाते हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं, ते खरं नाही, टोचलेल्या जागी थोडे दिवस दुखतं आणि जातं. काहींना पूर्ण भूल द्यावी लागते, ते भूलतज्ज्ञ ठरवतात.

कमरेतून भूल दिली तर जाग असू शकते. समोर पडदा असतो, काही दिसत नाही, दुखत नाही, पण आवाज येतो. करवतीचा येतो, हातोड्याचा येतो, आणि ठोकताना अंग हलतं. हे आधी सांगितलेलं नसलं की पेशंटचं बीपी कसं वाढतं ते मी मॉनिटरवर पाहिलंय आणि आधी सांगून ठेवलेला पेशंट किती शांत पडून राहतो ते पण पाहिलंय. नको असेल तर झोपेचं इंजेक्शन मागता येतं, काही डॉक्टर कानात गाणी लावू देतात. मधे उग्र वास येऊ शकतो, तो सांधा बसवायच्या सिमेंटचा. आणि आख्खा गुडघा कापून काढतात हा जो समज आहे तो डोक्यातून काढा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नळीच्या हाडाचं वरचं टोक यांचा झिजलेला पापुद्रा काही मिलिमीटर कापून, दाताला कॅप बसवतात तशी धातूची कॅप बसवतात आणि मधे एक खास प्लास्टिकचा तुकडा, बस. आपलं हाड, आपले स्नायू आपलेच राहतात.

बाहेर बसलेल्यांसाठी. ऑपरेशन साधारण दीड दोन तासांचं म्हणून सांगतात पण त्यात भूल, पाय धुणं, पेशंटवर निर्जंतुक कपडे टाकणं, शेवटी ड्रेसिंग, मग रिकव्हरीत म्हणजे ऑपरेशननंतर लक्ष ठेवायच्या खोलीत ठेवणं हे धरलेलं नसतं, तर पेशंट नजरेआड गेल्यापासून दिसेपर्यंत तीन चार तास सहज होतात. माझ्या मोठ्या बहिणीचं एका खासगी हॉस्पिटलमध्ये झालं तेव्हा मी बाहेर होते, पहिल्यांदाच दाराच्या त्या बाजूला. सकाळी नेलं ते दुपार झाली, आतून कोणी येईना, दार उघडलं की आम्ही उठायचो आणि कोणी वॉर्डबॉय निघून जायचा. भाचा जिन्यात बसून घामाघूम, मला म्हणे मावशी तुला माहीत असेल ना, खरं सांग. मला माहीत होतं की मधे दुसरी केस आली तर असा उशीर होतो, तरी माझे पण हात गार पडले. शेवटी समजलं की तासाभरापासून ती रिकव्हरीत होती आणि चांगली होती. एक माणूस दोन मिनिटं बाहेर येऊन सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं? याला ना मशीन लागतं ना पैसा. मला याचा अजून राग आहे.

रिकव्हरीत पेशंट थरथर कापतो, दात वाजतात, ते भुलीने आणि थंडीने, गरम पांघरुणाने थांबतं. पाय दोन चार तास हलत नाहीत, तेव्हा लकवा मारला का म्हणून रडारड करू नका. लघवीची नळी असू शकते, सलाईन असतं, पायाला जाड पट्टी, उलटीसारखं होतं काहींना, औषध आहे त्याला. पाणी, चहा कधी द्यायचा ते सिस्टर सांगेल.

आणि मग संध्याकाळ, जेव्हा भूल उतरते. खरं दुखणं तेव्हा सुरू होतं आणि हे जाहिरातीत नसतं. आता पायाची नस बधिर करायचं इंजेक्शन देतात, वेगवेगळ्या गोळ्या आहेत, त्यामुळे पहिल्यापेक्षा फार फरक आहे, पण दुखतं. आपल्याकडच्या बाया सांगत नाहीत. बाळंतपणं सहन केली तर हे काय म्हणतात, दात आवळून पडून राहतात आणि रात्री बारा वाजता असह्य झालं की मग बेल. दुखणं वर चढल्यावर उतरवायला जास्त औषध लागतं आणि वेळ लागतो, तर दुखणं शून्य ते दहा मध्ये मोजलं आणि चार पाच वाटायला लागलं की लगेच सांगा. औषध मागितलं म्हणून कोणी कमजोर होत नाही. ज्याचं दुखणं आटोक्यात आहे तोच दुसऱ्या दिवशी नीट पाय टाकतो, हे मी शपथेवर सांगीन.

घरच्यांनी काय नाही करायचं ते पण ऐका, कारण हे सगळे प्रेमाने करतात. गुडघ्याखाली उशी देऊ नका. आराम वाटतो पण गुडघा वाकलेल्याचा वाकलेला राहतो आणि मग सरळ करायला फिजिओथेरपिस्टला आणि पेशंटला दोघांना रडावं लागतं, उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या म्हणजे गुडघा सरळ पडतो. पोटऱ्या दाबून देऊ नका, मालिश तर नाहीच, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यापेक्षा पाऊल वरखाली हलवायला सांगा, जाग असेल तेव्हा तासातासाने, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी देतात त्याला याची जोड लागते. अचानक दम लागला, छातीत दुखलं, पोटरी घट्ट झाली तर भेटीच्या वेळेची वाट नका पाहू, ओरडून सिस्टरला बोलवा. आणि भेटायला येणारे, नारळपाणी घेऊन आठ आठ जण, लहान लेकरं, सर्दीवाले काका, सगळे घरी आल्यावर भेटा ना जी.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर धरून उभं करतात. पहिल्यांदा चक्कर येते, म्हणून आधी पलंगावर पाय सोडून थोडं बसवायचं. जाहिरातीतल्या आजीसारखं तुम्ही त्याच दिवशी नाही चाललात तर काही चुकलं असं नाही, कोणाचं बीपी कमी असतं, कोणाचा हिमोग्लोबिन. पण पहिल्या रात्री बाथरूमला एकटं उठायचं नाही म्हणजे नाही. सोबतचा मुलगा दमून झोपलेला असतो, आईला वाटतं त्याला कशाला उठवू, आणि ती उठते. नवीन गुडघ्यावर पडलेली बाई मी पाहिली आहे, परत त्याच टेबलावर. मुलाला उठवा.

माझं मागणं जास्त नाही. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स आणि सगळी खासगी हॉस्पिटलं यांनी तारीख देतानाच एक कागद द्यावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, हिंदीत पण कारण बरेच पेशंट मध्य प्रदेशातले, आणि गडचिरोलीकडून आलेल्या माणसाला त्याच्या बोलीत समजावणारं कोणी असेल तर फारच चांगलं. त्यात सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय होणार ते लिहावं. ऑपरेशन चालू असताना बाहेर येऊन निदान दोनदा घरच्यांना सांगायचं काम एका माणसाला नेमून द्यावं. ज्या हॉस्पिटलला असा कागद बनवायचा आहे त्यांनी सांगावं, मी येऊन त्यांच्या सिस्टरांसोबत बसून लिहून देईन, पैसे नको. माझा फोन नंबर आपल्या ऑफिसात दिलेला आहे.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, मानेवाडा, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती)